सात नंबरच्या दालनातलं कुलूप

रविवारी सगळ्यांनी मिळून इतिहासाचं मोठं संग्रहालय बघायला जायचं, असं सूनबाईने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, तेव्हा कुलूपवाल्यांच्या हातातला घास तोंडाशी पोचला होता. तो तिथेच थांबला. मग त्यांनी तो सावकाश परत ताटात ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात उचललेला घास त्यांनी खाली ठेवल्याची ही दुसरी वेळ. पहिली वेळ दुकानासमोर दुसरं कुलपांचं दुकान उघडलं त्या दिवशीची.

"संग्रहालयात कशाला?" त्यांनी विचारलं.

"बघायला, बाबा."

"काय बघायला?"

"जुन्या वस्तू."

"जुन्या वस्तू घरात काय कमी आहेत?"

"त्या घेतात का तिथे, तेही विचारून येऊ," बायको म्हणाली, आणि तिने नवऱ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत असं पाहिलं, जणू काचेच्या कपाटाचं माप घेते आहे.

मुलगा हसला आणि लगेच मोबाईलमागे गेला. या घरात हसून झाल्यावर कुठेतरी मागे जायचं असतं, हे तो लहानपणीच शिकला होता.

दुकान बंद करून सहा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना कुलूपवाले असंच म्हणत. ज्या माणसाने उभा जन्म लोकांच्या एकमेकांवरच्या अविश्वासावर पोट भरलं, त्याचा स्वतःचा कुणावर विश्वास असेल अशी अपेक्षा करणंच चूक. दूधवाला हसला तर ते दूध दोनदा गाळून घेत. कुणी 'सहज आलो होतो' म्हणालं की तो जाईपर्यंत ते उठून उभे राहात. तेव्हा सूनबाईच्या 'बघायला' या उत्तराने त्यांचं समाधान होणं शक्यच नव्हतं.

"आताच का?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसातून चार पास मिळालेत. महिनाअखेरपर्यंत चालतात."

सूनबाई एका मोठ्या इस्पितळात नर्सांच्या ड्यूट्यांचे तक्ते करायची. दोनशे बायकांना तीन पाळ्यांत बसवून शिवाय एकीलाही रडू न देणारी बाई. चार माणसांची सहल तिला म्हणजे हातचा मळ. तिने त्याच रात्री तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. नऊ वाजता निघणे. नऊ चाळीसला पोचणे. अकरा दहा ते अकरा पंचवीस चहा. कुलूपवाल्यांनी तो तक्ता वाचला, परत वाचला, आणि मग उलटा करून मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं. मागे काही नव्हतं. त्यामुळे संशय आणखी वाढला.

आता कुलूपवाल्यांचं संग्रहालयाशी काय वाकडं होतं ते सांगूनच टाकावं, कारण ते स्वतः सांगणार नाहीत.

अडतीस वर्षांपूर्वी संग्रहालयाने त्यांना बोलावणं पाठवलं होतं. भांडारात एक लोखंडी पट्ट्यांची जुनी लाकडी पेटी होती. तिला तळहाताएवढं तीनशे वर्षांचं कुलूप. किल्ली नव्हती. साहेबांनी सांगितलं, कुलपाला धक्का न लावता पेटी उघडून द्या. कुलूपवाले तेव्हा तरुण होते आणि आपल्याला उघडत नाही असं कुलूप अजून जन्माला यायचंय, असं त्यांचं मत होतं. भांडारपाल चहाला गेला. कुलूपवाल्यांनी कान लावला, तार घातली, हलक्या हाताने एक टिचकी मारली, आणि ते तीनशे वर्षांचं कुलूप बिस्किटासारखं दोन तुकडे होऊन त्यांच्या हातात आलं. पेटीत पाहिलं तर धूळ आणि एक झुरळ. झुरळही इतकं वाळलेलं, की त्यालाही एक लेबल लावून मांडता आलं असतं.

त्यांची पाचावर धारण बसली. पण हात थांबले नाहीत. तुकडे पेटीत टाकले, पेटीवर फडकं ओढलं, कागदावर मापं काढून घेतली आणि परत आलेल्या भांडारपालाला सांगितलं, "तेल सोडलंय. मुरायला तीन दिवस लागतील. तोवर फडक्याला हात लावू नका." त्या तीन दिवसांत त्यांनी दुकानात बसून जुन्या गाडीच्या आसाचं लोखंड कापून तसंच कुलूप केलं, मीठ आणि व्हिनेगर लावून त्याला तीनशे वर्षांचं म्हातारपण दिलं, आणि चौथ्या दिवशी जेवणाच्या डब्यात, पोळीच्या खाली, ते आत नेलं. दारावरचा पहारेकरी जाताना झडती घ्यायचा, येताना नाही. म्हणजे नवं कुलूप आत नेता येत होतं. जुन्याचे तुकडे बाहेर आणता येत नव्हते. पेटीत नुसते ठेवावेत तर हलवताना खुळखुळणार. शेवटी त्यांनी ते तुकडे हात पुसायच्या फडक्यात गुंडाळले, डब्यात भरले, डबा पेटीत ठेवला, आणि पेटीला आपलं कुलूप घालून किल्ली खिशातल्या धंद्याच्या किल्ल्यांत मिसळून टाकली; कुलूपवाल्याच्या किल्ल्या पहारेकरी मोजत नसे.

मग साहेबांकडे जाऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हे उघडायचं नाही. याचा कारागीर फार पोचलेला होता. जोर लावलात तर मोडेल." साहेबांवर त्या प्रामाणिकपणाची इतकी छाप पडली, की त्यांनी ते फाईलवर लिहून घेतलं.

इथवर सगळं जमलं होतं. घरी येऊन कानस पुसताना कुलूपवाल्यांच्या लक्षात आलं, की सवयीने आपण त्या कुलपाच्या पोटावर, किल्लीच्या भोकाखाली, तीन खाचा मारल्या आहेत. ती त्यांची खूण होती. त्यांनी केलेल्या प्रत्येक कुलपावर ती असायची. घराच्या दारावरच्या कुलपावरही होती. चोरी करून चोराने आपला पत्ता लिहून यावं, तसंच झालं.

शिवाय डबा बायकोच्या माहेरचा होता. त्याची मूठ तुटली तेव्हा लग्नाच्या पहिल्या वर्षात कुलूपवाल्यांनी हौसेने त्याला एका मोठ्या कुलपाची कडी बसवून दिली होती. तसा डबा जगात दुसरा नव्हता. "डबा कुठाय?" बायकोने विचारलं. "हरवला. वस्तू एकदा हरवली की हरवली," कुलूपवाले म्हणाले. हा प्रश्न आणि हे उत्तर त्या घरात पुढे अडतीस वर्षं, सरासरी महिन्यातून एकदा, होत आलं.

राहिली किल्ली. कुलूपवाला किल्ली फेकत नाही. फेकलेल्या किल्लीमागून कुलूप घरी चालत येतं, असं त्या धंद्यात म्हणतात. त्यांनी ती बायकोच्या जुडग्यात अडकवून दिली. "कशाची?" "जुन्या दुकानाची." बायकोने एकदोनदा ती घरातल्या कुलपांना लावून पाहिली आणि मग तिला योग्य कामाला लावलं. पत्र्याच्या डब्यांची घट्ट बसलेली झाकणं उचकटायला तिच्याइतकं चांगलं हत्यार घरात नव्हतं.

तेव्हापासून कुलूपवाले संग्रहालयाची पायरी चढले नव्हते. पण पेपरात संग्रहालयाबद्दल काही आलं की ते पान घरात दुसऱ्या कुणाच्या हाती लागत नसे. अकरा वर्षांपूर्वी ती पेटी भांडारातून काढून सात नंबरच्या दालनात मांडली, 'अज्ञात कारागिराचा अजोड नमुना' म्हणून, हे त्यांना अशाच एका पानावरून कळलं. ते पान त्यांनी चार घड्या घालून कपाटात ठेवलं होतं. भीती वाटत होती तर फाडून टाकायचं. ते फाडलं नाही यावरून वाचकांनी काय ते समजावं.

मंगळवारी सकाळी कुलूपवाल्यांचे गुडघे दुखायला लागले.

"कालपर्यंत तर नव्हते दुखत," बायको म्हणाली.

"आतून दुखत होते."

"मग आता बाहेर आले?"

दिवसभर ते भिंतीला धरून चालले. संध्याकाळी सूनबाई आल्यावर तिच्यासमोर दोनदा उठले आणि दोनदा 'अगंगं' करून बसले. "माझ्यासाठी तुम्ही कशाला अडकता," ते म्हणाले. "तुम्ही जा. मी घर राखतो." सूनबाईने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मान हलवली आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं ते तिने दाखवलं नाही.

बुधवारी त्यांनी पाहिलं, की सूनबाई घराच्या दाराशी वाकून कुलपाचा फोटो काढते आहे. एक समोरून. एक अगदी जवळून.

"कशाला?" त्यांनी भिंत न धरताच जाऊन विचारलं.

"बहिणीला पाठवतेय. रविवारी दुपारी मांजराला दूध घालायला येणार आहे ती. आधी डावीकडे, मग दाबायचं, मग उजवीकडे, असं नुसतं सांगून कुणाला कळतंय का? बाबा, सरळ उघडेल असं कुलूप केलंच नाहीत का हो कधी?"

"सरळ उघडलं तर कुलूप कशाला म्हणायचं," कुलूपवाले म्हणाले. पण त्यांचं लक्ष फोटोत होतं. फोटोत तीन खाचा लख्ख दिसत होत्या. मांजर त्यांना दहा वर्षं माहीत होतं. दुपारी एक दिवस दूध मिळालं नाही म्हणून ते उपाशी राहणाऱ्यांतलं नव्हतं.

गुरुवारी सूनबाईने संग्रहालयाचा नकाशा छापून आणला आणि टेबलावर ठेवून ती आंघोळीला गेली. चौतीस दालनं होती. त्यातल्या एकाच दालनाभोवती लाल पेनाने गोल केला होता. सात. गोलही साधा नव्हता, दोनदा फिरवलेला.

कुलूपवाल्यांना खुर्ची धरावी लागली, आणि या खेपेला खरोखरच. मग त्यांनी पेन घेतलं आणि तीन, अकरा, एकोणीस आणि उपाहारगृह यांच्याभोवतीही तसेच गोल काढले. शेवटचा गोल काढताना मागून आवाज आला, "काय चाललंय?"

बायको उभी होती.

"मला हे बघायचंय," कुलूपवाले म्हणाले.

"उपाहारगृह?"

"ते ऐतिहासिक आहे."

बायको काही बोलली नाही. ती बोलली नाही, म्हणजे तिला माहीत आहे, असं त्यांनी धरलं. ती बोलली असती तरी त्यांनी तेच धरलं असतं. खाई त्याला खवखवे म्हणतात; कुलूपवाल्यांनी तर खाल्लं नव्हतं, डब्यात भरून ठेवलं होतं.

शुक्रवारी मात्र उरलीसुरली शंकाही फिटली. सूनबाई बाल्कनीत फोनवर बोलत होती आणि कुलूपवाले आत पडद्यामागे, घड्याळाला किल्ली द्यायच्या निमित्ताने, उभे होते. घड्याळ सेलवरचं होतं, पण तेवढं बघायला कुणी नव्हतं.

"हो, हो, सासरे आहेत माझे," सूनबाई म्हणत होती. "नाही, आधी सांगितलं तर ते येणारच नाहीत. तुम्ही दाराशीच दोन माणसं उभी ठेवा. एकदा बसवलं की मग काही करत नाहीत ते... सात नंबरमधूनच न्यावं लागेल का? दुसरा रस्ता नाहीच? बरं, चालेल. मी तिथे लाल खूण करूनच ठेवलीय."

कुलूपवाले पडद्यामागून निघून स्वयंपाकघरात आले. बायको जुडगं हातात घेऊन एका डब्याचं झाकण उचकटत होती. झाकणाखाली घातलेल्या त्या किल्लीकडे न बघता ते ओट्याशी उभे राहिले.

"तुला काही माहीत आहे का?" त्यांनी विचारलं.

"कशाबद्दल?"

"रविवारबद्दल."

"मला कुठे काय माहीत असतं? माझा डबा कुठे गेला तेसुद्धा मला अजून माहीत नाही."

"वस्तू एकदा..."

"हरवली की हरवली. पाठ आहे मला," बायको म्हणाली, आणि झाकण ठक्कन उडालं.

शनिवारी मुलगा खाली गाडी धूत होता. कुलूपवाले गुडघे धरत धरत त्याच्यापाशी गेले आणि बराच वेळ चाकाकडे पाहात उभे राहिले.

"समजा," ते म्हणाले, "एखाद्याने चाळीस वर्षांपूर्वी काही केलं असेल. म्हणजे मुद्दाम नाही. हात जरा जोरात लागला. तर त्याला आता पकडतात का?"

"कुणाला?"

"समजा, शेजारच्याला."

"बाबा, चाळीस वर्षांपूर्वी शेजारचा चार वर्षांचा होता."

"तरी समजा."

मुलाने नळ बंद केला. "त्याने कुणाला मारलं का काय?"

"टिचकी," कुलूपवाले म्हणाले, आणि आणखी काही विचारायच्या आत जिना चढून वर गेले. चढताना ते गुडघे धरायचे विसरले. मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला.

त्या संध्याकाळी त्यांनी सगळा विचार केला. गल्लीत चाळीस वर्षं लोक आपली घरं त्यांच्या भरवशावर टाकून गावाला गेले होते. 'कुलूपवाल्यांनी केलंय ना, मग झालं' असं म्हणायचे. उद्या तेच लोक म्हणणार, सरकारी वस्तू मोडून खोटी बसवणारा हा, आपल्या घराला काय बसवलं असेल? बाकी काही होवो न होवो, ते एवढं एक ऐकावं लागू नये असं त्यांना वाटत होतं. पण आता पळण्यात अर्थ नव्हता. दोन माणसं दाराशी उभी राहणार होतीच.

रविवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना ते इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. हातात पिशवी.

"पिशवीत काय आहे, बाबा?" सूनबाईने विचारलं.

"टॉवेल."

"संग्रहालयात टॉवेल?"

"आणि दात घासायचा ब्रश. असू दे. वेळ काही सांगून येत नाही."

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आकाशाकडे पाहिलं. गाडी निघाली.

संग्रहालयाच्या पायऱ्यांशी खरोखरच गणवेशातली दोन माणसं उभी होती. सूनबाईने हात वर केला. दोघं चालत आले. कुलूपवाल्यांनी पिशवी छातीशी धरली आणि मान ताठ केली. नेतील तर निदान रडत गेला असं कुणी म्हणायला नको. तेवढ्यात त्या दोघांच्या मागून तिसरं काहीतरी पुढे आलं. ती चाकांची खुर्ची होती.

"बाबा, रागावू नका," सूनबाई एका दमात म्हणाली. "गुडघ्यांचं बघून मंगळवारीच सांगून ठेवलं मी. आधी बोलले असते तर तुम्ही घरातून हललाच नसता. चौतीस दालनं आहेत. चालवणार नाही तुम्हाला."

मुलाने गाडीतच समजुतीची चार वाक्यं जुळवून ठेवली होती. ती वाया गेली. कुलूपवाल्यांचा चेहरा असा उजळला, की कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, या माणसाला आयुष्यभर कुणी खुर्चीच दिली नव्हती. ते स्वतः जाऊन बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "चला. ढकला."

"दोन माणसं याच्यासाठीच सांगितली होतीस?" त्यांनी मान मागे वळवून विचारलं.

"चार पायऱ्या आहेत, उचलायला लागतं. का?"

"काही नाही. हुशार आहेस."

हे वाक्य सूनबाईने सासऱ्यांच्या तोंडून सात वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. तिलाच आता संशय यायला लागला.

पहिली सहा दालनं कुलूपवाल्यांनी राजासारखी पाहिली. भाले पाहिले, नाणी पाहिली, एका सरदाराचे बूट पाहून "टाच झिजलीय" एवढा शेराही मारला. मग सूनबाईने नकाशा उघडला आणि म्हणाली, "आता सातमधून. खुर्ची वर न्यायचा, पायऱ्या नसलेला चढता रस्ता फक्त सातमध्येच आहे. म्हणून तर लाल गोल केला होता. तुम्ही बाकीचे कशाला केलेत कोण जाणे."

कुलूपवाल्यांना कळलं. गुडघे दुखले नसते, तर ते पायऱ्यांनी सरळ वर गेले असते आणि सात नंबर बाजूला राहिला असता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. त्यांनी गुडघे दाखवले होते. "मी चालतो," ते म्हणाले आणि उठायला गेले. बायकोने खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. "बसा गुपचूप. आतून दुखतात ना?"

सातव्या दालनाच्या मधोमध, काचेत, दिव्याखाली ती पेटी होती. भोवती पंधरावीस माणसं, आणि पुढे माहिती सांगणारी एक तरुण मुलगी. कुलूपवाल्यांनी पिशवीतून टॉवेल काढला आणि तोंड पुसायच्या निमित्ताने तोंडावर धरला.

"हे कुलूप बघा," मुलगी सांगत होती. "असं काम आज कुणाला जमणार नाही. तीनशे वर्षांत याची एक कड झिजलेली नाही." टॉवेल थोडा खाली आला. "कारागीर कोण ते माहीत नाही. पण खाली तीन खाचा आहेत. ही त्याची खूण. अभ्यासक त्याला तीन खाचांचा उस्ताद म्हणतात. त्याच्यावर पुस्तक निघालंय." टॉवेल मांडीवर आला. कुलूपवाल्यांच्या मनात भीती होतीच. पण तिच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं आणि भीतीला जरा सरकायला सांगू लागलं.

"उघडत का नाही?" कुणीतरी विचारलं.

"किल्ली नाही. आणि आमच्या जुन्या फाईलीत त्या वेळच्या एका जाणकाराचा शेरा आहे, की जोर लावला तर मोडेल. फाईलीचा अर्धा कागद वाळवीने खाल्लाय, त्यात त्याचं नाव गेलं. पण शेरा आम्ही पाळतो. म्हणून मग क्ष-किरणांनी फोटो घेतला. तो मागे आहे बघा."

भिंतीवर मोठा काळा-पांढरा फोटो होता. पेटीच्या आत, एका कोपऱ्यात, गोल डबा. डब्याला मुठीच्या जागी कुलपाची कडी.

"भांड्याला कुलपाची कडी कोण लावेल?" मुलगी म्हणाली. "म्हणजे याला काहीतरी गूढ अर्थ आहे. काहींच्या मते ते शपथेचं पात्र आहे. आतली गोष्ट बाहेर सांगायची नाही, अशी शपथ. काहींच्या मते विषाचं. आत लोखंडाचे दोन तुकडेही दिसतात, ते बहुधा राज्याच्या वाटणीची खूण."

बायको फोटोजवळ गेली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग तशीच उभी राहिली. कुलूपवाले तिच्या पाठीकडे बघत होते. चाळीस वर्षं ओळखीची पाठ. पण तिच्यावरून आज काही वाचता येत नव्हतं.

"आई, चला, चार मिनिटं जास्त झाली," सूनबाई म्हणाली.

"थांब गं."

सूनबाई थांबली, आणि थांबली म्हणून तिने कुलपाकडे नीट पाहिलं. नर्सांच्या तक्त्यात एका नावाची जागा बदलली तरी जिला लांबून दिसतं, ती बाई. "बाबा," ती म्हणाली, "या तीन खाचा आपल्या दाराच्या कुलपावरही आहेत ना? परवाच मी फोटो काढला. थांबा, दाखवते," आणि तिने पर्समध्ये हात घातला.

मुलगी वळली. पंधरावीस माणसं वळली. कुलूपवाल्यांनी टॉवेल परत तोंडावर घेतला.

"सगळ्याच कुलपांवर असतात," बायको मागून म्हणाली. ती वळलीही नव्हती. "खाचा पाडल्याशिवाय बोट घसरतं. तीस-चाळीस वर्षं कुलूपवाल्याशी संसार केलाय, एवढंही कळणार नाही का मला? ठेव तो फोन आत."

कुलपांबद्दल ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली होती, आणि बोललेलं साफ खोटं होतं. मुलगी मात्र खूश झाली. "ही माहिती पुस्तकात नाही," असं म्हणून तिने ती लिहून घेतली.

मग बायको काचेपाशी आली. कमरेचं जुडगं तिने हातात घेतलं होतं, आणि झाकणं उचकटायची किल्ली दोन बोटांत धरून ती एकदा किल्लीकडे, एकदा कुलपाच्या भोकाकडे पाहात होती.

"किल्ली मिळाली तर उघडाल?" तिने मुलीला विचारलं.

"मिळाली तर लगेच. पण आता कुठे मिळणार, आजी?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. खुर्चीत बसलेला माणूस पळू शकत नाही, त्यातून ज्याचे गुडघे मंगळवारपासून दुखतायत तो तर नाहीच.

"खरंय," ती म्हणाली. "वस्तू एकदा हरवली की हरवली."

जुडगं परत कमरेला गेलं. "सरका," ती गणवेशवाल्याला म्हणाली. "यांना मी ढकलते."

उरलेली सत्तावीस दालनं तिने एकटीने ढकलली आणि एक अक्षर बोलली नाही. तिने भांडण केलं असतं तर कुलूपवाल्यांना सोसलं असतं. त्याची त्यांना सवय होती. बाहेर पडायच्या दाराशी एका उंच टेबलावर अभिप्रायाची वही होती. बायकोने खुर्चीचा ब्रेक लावला, वहीपाशी गेली, पेन मागून घेतलं आणि लिहिलं. खुर्चीतून वहीचं पान दिसत नव्हतं, नुसता हात हलताना दिसत होता. तो बराच वेळ हलला.

"काय लिहिलंस?" ती परत आल्यावर त्यांनी विचारलं.

"छान आहे, असं लिहिलं."

"एवढा वेळ?"

"फार छान आहे, असं लिहिलं."

"नाव लिहिलंस खाली?"

"वहीत नाव लिहायचंच असतं," बायको म्हणाली. "पत्तासुद्धा."

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरात एका डब्याचं झाकण उचकटलं. ठक्. आवाज नेहमीचाच होता, पण कुलूपवाल्यांना तो पाठीत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई कामावर निघाली, तेव्हा कुलूपवाले दारात उभे होते. भिंत न धरता, सरळ.

"ते पास महिनाअखेरपर्यंत चालतात म्हणालीस ना?"

"हो. का?"

"परत जाऊ या का म्हणतो. सगळं नीट बघून झालं नाही."

"काय राहिलं बघायचं?"

"असंच," ते म्हणाले. "बाहेर पडताना ती वही असते बघ टेबलावर. ती भरली की ती तिथेच ठेवतात, की आत साहेबांकडे नेतात वाचायला?"

सूनबाईने पायातली चप्पल परत काढली. तिने सासऱ्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे, मग दारावरच्या कुलपाकडे. तिथे तिची नजर जरा रेंगाळली.

"बाबा," ती म्हणाली, "कुठेतरी पाणी मुरतंय."

आतून बायकोने विचारलं, "कोण काय म्हणतंय?"

"काही नाही," कुलूपवाले घाईने म्हणाले. "मी तुझ्यासाठी एक डबा आणायला बाजारात चाललोय."